बोडक्या

"पाहुणे आले की तो बोडक्या कापायचा, सांगून ठेवते!" सासू अंगणातूनच कडाडली. "मानेवर पिसाचा पत्ता नाही मेल्याच्या. बघवत नाही."

सुनेनं कोंबडा पदराखाली घेतला. "अहो आत्याबाई, बाकीचे काय थोडे आहेत?"

"ते वाणाचे आहेत!"

सासूचा हा जुना नेम. दाट पिसांचा रुबाबदार कोंबडा वाणाला ठेवायचा, उघडंवाघडं निघेल ते पातेल्यात. तिच्या बहुतेक कोंबड्या दुलई पांघरल्यासारख्या दिसत. बोडक्या म्हणजे आईमागं राहिलेलं पिल्लू, सुनेनं चुलीपाशी वाढवलेलं. तिचा त्याच्यावर भारी जीव. आणि पाहुणे तर दोन दिवसांवर आलेले.

पण पाहुण्यांच्या आधी ऊन आलं. असलं ऊन की पत्र्याला हात लावण्याची सोय नाही, जमीन नुसती तव्यासारखी. खुराड्यात कोंबड्या चोची वासून धापा टाकू लागल्या. ओली पोती टाकून टाकून सून थकली. सासूचा लाडका, शेपूट मिरवणारा राजबिंडा सगळ्यांत आधी आडवा झाला. त्याच्यामागं दाट पिसांचे बाकीचे कोंबडे आणि कोंबड्याही गेल्या. पाहुण्यांनी निरोप धाडला, असल्या उन्हात कोण येतंय!

ऊन ओसरलं तेव्हा उरल्या विरळ पिसांच्या चार रोडक्या कोंबड्या आणि मान ताणून आरवणारा बोडक्या.

सासू पायरीवर बसून रडली. सुनेलाही वाईट वाटलं, पण जीभ गप्प बसेना. "तुम्ही पिसं बघून निवडत होता, आत्याबाई. उन्हानं उघडी मान बघून निवडलं."

"मानेनं कुणी वाचतं होय गं?"

"मग तुम्ही दुपारी डोक्यावरचा पदर मागं का टाकता? वारा लागावा म्हणूनच ना?"

सासूनं गुपचूप पदर सारखा केला.

पाऊस पडून गेल्यावर नवी पिल्लं निघाली, बहुतेक बोडकीच. सासू शेजारणीला ऐटीत सांगू लागली, "आमचा वाणच असा बाई. मान मोकळी, उन्हाला दाद देत नाही. मीच राखलाय!"

सुनेनं हसू दाबलं. बोडक्या वाचला ना, मग श्रेय कुणी का घेईना.

त्यांतलं एक पिल्लू मात्र गच्च पिसांचं निघालं. सासूनं नाक मुरडलं. "हे कसलं गं ध्यान? मोठं झालं की आधी हेच कापू."

सुनेनं ते अलगद उचलून पदराखाली घेतलं.

"राहू द्या, आत्याबाई. यंदा थंडी कडाक्याची पडली तर?"