पाचापर्यंत मोजताना

शिक्षकांच्या प्रशिक्षणात शिकवणाऱ्या बाईंनी माझ्याच तासाचं रेकॉर्डिंग मला ऐकवलं. मी प्रश्न विचारते आणि सेकंदभरात स्वतःच उत्तर देऊन मोकळी होते, हे ऐकून माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. "संशोधन सांगतं, निदान तीन सेकंद थांबा. मुलं बोलतात," त्या म्हणाल्या.

मला कुणी थांब म्हटलं की माझं डोकं फिरतं. तरी दुसऱ्या दिवशी वर्गात मी विचारलं, "दुपारी सावली आखूड का होते?" आणि खडू मुठीत धरून मनात आकडे मोजू लागले.

एक. दोन. खिडकीतल्या उन्हात खडूची धूळ तरंगत होती. तीन. मुलांचे चेहरे पाण्याखालच्या गोट्यांसारखे शांत, लांबचे दिसू लागले. चार. उत्तर अगदी जिभेवर आलं होतं, ते मी गिळलं. पाचाला तर बाकांसकट सगळा वर्ग अलगद वर उचलला जातोय असं वाटलं.

तेवढ्यात शेवटच्या बाकावरची मुलगी उठली. तिला सगळे गोगलगाय म्हणतात. रागाच्या भरात एकदोनदा मीही म्हटलंय.

"चंद्र खूप लांब आहे ना बाई, म्हणून आपण कितीही चाललो तरी तो तिथेच दिसतो. आपल्याला वाटतं, बरोबर येतोय."

वर्गात खसखस पिकली.

"अगं, मी सावलीचं विचारलं," मी म्हणाले.

"हो बाई. चंद्राचं तुम्ही मागच्या महिन्यात विचारलं होतं," ती म्हणाली. "तेव्हा मी सांगणारच होते."