ठमीची सरळ वाट

ठमी पुन्हा डावीकडेच वळली आणि लाकडी कठड्याला नाक लावून गुरगुरत राहिली.

"रुसली वाटतं तुमची गाडी," पंच हसून म्हणाले. माणूस वाईट नव्हता. "आता एकच संधी."

ठमीला बारा फूट सरळ जाऊन खोका ढकलायचा होता, बस्स. बाकीच्या शाळांच्या रोबोंना वाट बघायला डोळे होते. ठमी आंधळी. भंगारातल्या प्रिंटरच्या दोन मोटरी, पत्र्याच्या डब्याचं झाकण आणि बाटल्यांच्या बुचांची चाकं, एवढाच तिचा जीव. विज्ञानाचे सर बदलून गेल्यावर त्यांच्या जागी कुणी आलंच नाही. मग प्रयोगशाळेत झाडलोट करणाऱ्या मावशींनीच किल्ली आपल्याकडे ठेवून घेतली आणि चष्मेवाली आणि बडबडी अशा दोन मुलींना आत घेतलं. मोठ्या बाईंनी सांगितलं होतं, "पहिली फेरी पार करा, खोली तुमच्या संघाची. नाहीतर मोडके बाक ठेवायला मला जागा हवीच आहे."

"मावशी, तारा घट्ट आहेत. काल दहा वेळा सरळ गेली हो!" चष्मेवालीचा आवाज चिरकला.

"दृष्ट लागली असणार," बडबडी म्हणाली. "त्या निळ्या शर्टवाल्यांची. मघापासून टक लावून बघतायत."

"कुणाला नावं ठेवू नये गं," मावशी हळूच म्हणाल्या. त्यांनी डोळे मिटले. जिंकू दे, असं काही मागितलं नाही. सरळ जाऊ दे, एवढंच.

ठमी डावीकडे गेली.

परतीच्या वाटेवर चष्मेवाली एकदाच बोलली, "उजव्या चाकावर सायकलच्या ट्यूबची पट्टी मीच चिकटवली होती."

मोठ्या बाई फाटकाशीच भेटल्या. "मावशी, ठरलं होतं ना आपलं?"

"हो बाई."

"सोमवारी बाक आणून ठेवतील."

यायचे होते मोडके बाकच, पण पुसल्याशिवाय खोली कुणाच्या हवाली करायची नाही, हा मावशींचा नेम. त्यांनी प्रयोगशाळेच्या दाराशी बादली कलंडवली. पाणी रोजच्यासारखं उजवीकडे, बेसिनखालच्या मोरीकडे निघालं. मावशी फडकं घेऊन खाली बसल्या आणि तशाच बसून राहिल्या.

चष्मेवाली स्क्रूड्रायव्हर परत द्यायला आली, तेव्हा फरशी वाळली होती.

"इकडे ये. चूक तुझी नव्हती गं." मावशींनी मगभर पाणी ओतलं. "बघ."

पाण्याची धार उजवीकडे पळाली. मुलगी बघत राहिली. या फरशीवर ठमी सारखी उजवीकडे घसरायची, म्हणून उजव्या चाकावर पट्टी चढवून दोघी मुलींनी ते मोठं केलं होतं. आठवडाभर खपून तिला सरळ केलं होतं. सरळ, पण या उतारावर.

"म्हणजे तिथली फरशी सपाट होती, म्हणून मोठ्या चाकानं तिला डावीकडे वळवलं," ती हळूहळू म्हणाली. मग मान वर केली. "तुम्हाला माहीत होता उतार?"

"सव्वीस वर्षं पुसतेय."

"मग सांगितलं का नाही, मावशी?"

कुणी विचारलं नाही, असं म्हणता आलं असतं. पण ते खोटं झालं असतं. ठमी घसरायची तेव्हा त्या तिथेच उभ्या असायच्या, हातात फडकं घेऊन. पाणी कुठे जातं, हे शास्त्रात मोडतं असं त्यांना कधी वाटलंच नव्हतं.

"सुचलं नाही गं," त्या म्हणाल्या.

मुलगी रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं पिशवीतून ठमी काढली, दाराशी ठेवली आणि बटण दाबलं.

ठमी निघाली. रेघ मारल्यासारखी, तसूभरही न ढळता, खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली आणि फळ्याखालच्या भिंतीला टेकली. चाकं जागच्या जागी फिरत राहिली.

दोघींपैकी कुणीच ती बंद करायला उठलं नाही.