ड्रॅगनच्या दुधाची निवळी

हामासे बंदरावरचा खेकड्यांचा लिलाव आटोपला, फरशीवर पाणी मारून झालं, तरी ऐंशी माणसं गमबुटांसकट तिथेच उभी राहिली. कारण आता बर्फ पेटणार होता.

पेटलाही. रेइसुई सेन्सेईंनी, म्हणजे गुरुजींनी, चिनीमातीच्या वाडग्यात बर्फ घातला, वर काडी धरली आणि भक्कन ज्वाळा उठली. ऐंशी तोंडं उघडी पडली. छपरावरचा समुद्रपक्षी तेवढा उडून गेला. त्याला अध्यात्मात रस नसावा.

"हा समुद्रतळाच्या ड्रॅगनचा श्वास!" सेन्सेई गरजले. अंगात पांढराशुभ्र झगा, पायांत लिलाववाल्यांचे उसने गमबूट. "हा बर्फ निवडतो! मिसळलेल्या वायूंतून नेमका एक पकडतो, बाकीचे सोडतो. संशोधकसुद्धा हेच सांगतात! जे वायूचं तेच रक्ताचं. याचं दूध प्या, विष तेवढं पकडलं जाईल. मात्र गोळ्या घेणाऱ्याला गुण येत नाही. ड्रॅगनला गोळ्यांचा वास खपत नाही."

ज्वाळा विझली की वाडग्यात खरोखरच दुधासारखं पाणी उरायचं. ते बाटल्यांत भरून घरोघर जायचं.

अशीच एक बाटली पंधरा वर्षांच्या चिगुसाच्या हातात होती. बाटली तिच्या आजोबांची, ते शेजारीच बाकावर बसले होते. तोकुजी आजोबांनी चाळीस वर्षं खेकड्यांची होडी चालवली होती. मार्चमध्ये त्यांना अर्धांगाचा हलका झटका येऊन गेला, तेव्हापासून रक्तदाबाची गोळी रोज. तीन आठवड्यांपूर्वी सेन्सेई आले आणि गोळ्या खणात गेल्या. आज सकाळी चिगुसाने त्यांच्या दंडाला पट्टा बांधला तर यंत्राने एकशे नव्वद दाखवले.

"यंत्र नास्तिक आहे," आजोबा म्हणाले.

"आजोबा, आमच्या शास्त्राच्या बाईंना एकदा विचारू या ना."

"तुझ्या बाई कधी हजार मीटर खोल पिंजरे सोडायला गेल्यात? मी पाहिलाय तो बर्फ. या डोळ्यांनी!"

खरी गोम इथेच होती. आजोबांनी तो खरंच पाहिला होता. तीस वर्षांपूर्वी एका पिंजऱ्यात खेकड्यांबरोबर चिखल आला, आणि चिखलात पांढरे गोळे. सिगारेटचा लायटर जवळ नेला तर गोळा हातमोज्यावरच पेटला. किनाऱ्यावर येऊन त्यांनी हे सांगितलं आणि अख्खं बंदर हसलं. 'थापाड्या तोकुजी' हे नाव पडलं ते न्हाव्याच्या खुर्चीपर्यंत गेलं. मग हा झगेवाला आला आणि त्याने सगळ्यांसमोर बर्फ पेटवला. तीन आठवड्यांत एकदाही कुणी त्यांना थापाड्या म्हटलं नव्हतं. त्यापुढे गोळ्या म्हणजे काय, आजोबांनी कवळीसुद्धा सोडली असती.

म्हणून चिगुसाने ठरवलं, आजोबांना खोटं पाडायचं नाही. त्यांनाच साक्षीला उभं करायचं.

"सेन्सेई, एक शंका!" ती पुढे झाली. आवाज लिलाव पुकारणाऱ्यासारखा खणखणीत निघाला. "आजोबा, तुमचा बर्फ किती वेळ टिकला होता?"

"टिकतोय कसला! वर येतानाच चुरचुरत होता. दुसरा हातमोजा काढेपर्यंत संपला."

"आणि उरलं काय?"

"पाणी. स्वच्छ पाणी, थोडा चिखल."

"दूध?"

आजोबांनी बाटलीकडे पाहिलं. "दूध नाही बुवा."

"सेन्सेईंचा बर्फ मात्र ऑगस्टच्या उन्हात, थर्माकोलच्या खोक्यात, डोंगरापलीकडून टेम्पोने येतो. आणि टिकतो!"

"मुली," सेन्सेई गोड हसले, "श्रद्धा नसेल तर हा बर्फ पेटत नाही."

"ऐंशी जणांची आहे की. माझ्या एकटीची कमी पडली तर काय बिघडतं?"

कुणीतरी फिसकन हसलं. तेवढ्यात चिगुसाने खेकडे उचलायचा चिमटा घेतला, खोक्यातला एक खडा बशीत ठेवला आणि काडी लावली. काडी विझली. मग सेन्सेईंच्या मांडलेल्या नव्या वाडग्यातला बर्फ तिने बाजूला सारला. तळाशी राखाडी खडे होते, फसफसत होते.

"ते ड्रॅगनचे खवले! हात लावू नका!"

पण गर्दीतल्या काने आज्जी नाक पुढे करून आल्याच. तरुणपणी त्या जत्रेत तळलेले माकूल मासे विकायच्या. "अगं बाई! हा तर आमच्या गाडीवरच्या बत्तीचा वास! कार्बाइड गं! पाणी पडलं की वायू सुटायचा आणि बत्ती पेटायची. काजळीसुद्धा तीच. बघा त्यांच्या बाहीला!"

शुभ्र बाही कोपरापर्यंत काळी झाली होती.

"आणि दूध?" आजोबांनी हळूच विचारलं.

बाटलीतलं दूध सकाळपासून तळाशी बसलं होतं, वर नितळ पाणी. चिगुसाने ते वरचं पाणी पेल्यात ओतलं, नळी घातली आणि फुंकर मारत राहिली. पाणी पुन्हा पांढरं झालं. मागे उभ्या शाळकरी पोरांनी एका सुरात ओरडून सांगितलं, "चुन्याची निवळी! फुंकर मारली की पांढरी होते! सहावीचा धडा!"

ऐंशी जणांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांतले बरेच जण तीन आठवडे कार्बाइडमधून उरलेला चुना पीत होते.

"संशोधक म्हणतात ते खरंय," चिगुसाने खिशातून घडी पडलेलं पत्रक काढलं. जूनमध्ये संशोधन जहाज धक्क्याला लागलं तेव्हा ते सगळ्यांना वाटलं होतं. सेन्सेईंच्याही हाती ते नंतर कुठूनतरी पडलेलं दिसत होतं. "पिंजऱ्यात खेकडा अडकतो, तसा बर्फाच्या पिंजऱ्यात मिथेन वायू. खोल पाण्याचा दाब आणि थंडी आहे तोवर पिंजरा टिकतो. मिसळलेले वायू वेगळे करायलाही असा बर्फ वापरून पाहतात, पण दाबाच्या टाक्यांत. रक्ताबद्दल पत्रकात एक ओळ नाही. डोळ्यांनी पाहिलं म्हणून थांबू नका हो. बर्फ उचलून खाली काय आहे तेही बघा. बघितल्याने खरं असेल ते कुठे जात नाही."

सेन्सेई निघाले. लिलाववाल्यांनी गमबूट मात्र काढून घेतले.

आजोबा पेल्याकडे बघत बसले होते. "मग माझाही... खोटाच होता?"

"तुमचा खरा होता, आजोबा. म्हणून तर टिकला नाही."

गर्दीतून काने आज्जींचा आवाज आला, "तोकुजी, तीस वर्षं हसले रे तुला. चुकलंच माझं."

आजोबांनी नाक शिंकरलं. बराच वेळ शिंकरलं. मग उठून चिगुसाच्या खांद्यावर हात टेकला.

"चल, दवाखान्यात. एकशे नव्वद म्हणालं ना ते यंत्र? आणि वाटेत पाणी घे." ते थबकले. "नितळ बघून घे."