पुरुषांचे कडवे

आमच्या चर्चच्या मंडळीत पश्चात्तापाचे गीत वाटून गायले जाते. पहिले कडवे डाव्या बाकांवरच्या पुरुषांचे: ‘दारी उभा मी, मळले माझे हात, कसा येऊ आत?’ दुसरे उजव्या बाकांवरच्या बायकांचे: ‘ये लेकरा, पाणी काढून ठेविले.’ एकाने दुसऱ्याचे कडवे उचलायचे नाही, अशी शिस्त. ती मोडणाऱ्याकडे मी नुसते वळून पाहिले तरी पुरत असे.

यजमानांना झटका आला आणि वाचा गेली. तहान लागली हेही सांगता येईना. गाणे तेवढे शाबूत राहिले. डॉक्टर म्हणाले, असे होते. बोलण्याची जागा वेगळी, गाण्याची वेगळी. दिवसभर एकच, ‘दारी उभा मी’. ‘कसा येऊ आत’पाशी डोळे भरून येत, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

आता फार दिवस उरले नाहीत, हे मुलाच्या चेहऱ्यावरून मला कळले. मी ठरवले, हा माणूस दाराबाहेर उभ्याउभ्या जाणार नाही. दुसरे कडवे त्यांच्या तोंडून निघालेच पाहिजे.

“आई, बाबांना येत असेल ना? जन्मभर ऐकलंय,” सूनबाई म्हणाली.

“काठावर बसून पोहता येतं का गं?”

पाळकांना बोलावले. ते म्हणाले, “बाई, क्षमा त्यांना मिळालेलीच आहे. तोंडानं म्हणायला हवं असं नाही.”

“हे तुम्हाला ठाऊक, मला ठाऊक. त्यांना कोण सांगणार?”

पाळकांनी स्वतःच दुसरे कडवे धरले. यजमानांच्या कपाळाला आठ्या पडल्या. बायकांचे कडवे पुरुषाने म्हटलेले त्यांना कधी खपलेच नाही. सूनबाईने तोंडाला पदर लावला. हसू मलाही आले.

मग मी उशाशी बसले. “म्हणा. ये.” माझ्या एका शब्दावर हे घर उठते-बसते. ते मात्र समजूतदारपणे माझ्याकडे पाहत राहिले. मी कडवे पूर्ण गायले. त्यांनी ते बाकावर बसून ऐकावे तसे शांतपणे ऐकले, श्वास घेतला आणि आपली पाळी आली म्हणून सुरू केले, ‘दारी उभा मी.’

तेव्हापासून त्यांचे संपले की मी म्हणते, माझे संपले की ते. मी गाते तेवढा वेळ त्यांचे डोळे कोरडे असतात, म्हणून थांबता येत नाही. माझा घसा पार बसला आहे.

“आई, थोडा वेळ मी म्हणते. तुम्ही पडा,” सूनबाई म्हणते. ती गाऊ लागली की ते उशीवर मान वळवून मला शोधतात.