गेनरच्या नावाचं साधं कार्ड

मित्रांनो, माझ्याकडे जरा जवळून बघा. माझा एक कोपरा चिरलाय. अंगावरची चौकोनी चिप घासून फिकी झालीय. नावाची अक्षरं डोळ्यांनी नीट दिसत नाहीत, पण बोट फिरवलंत तर अजून लागतात. मी एक जुनं, मुदत संपलेलं बँकेचं कार्ड आहे. सोनेरी नाही, काळं चकचकीत नाही. साध्या खात्याचं साधं निळं कार्ड.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. प्लॅस्टिकच्या पत्र्यातून मला कापलं, कडा गुळगुळीत केल्या, पोटात चिप बसवली. मग एका यंत्रानं माझ्यावर अक्षरं उमटवली : मिस जी. सॉवरबी. त्या क्षणाचं मला आजही नवल वाटतं. जिला मी कधी पाहिलं नव्हतं, जिनं मला पाहिलं नव्हतं, तिचं नाव माझ्या अंगावर होतं, आणि ते आता जन्मभर तिथंच राहणार होतं.

शेजारच्या रांगेत सोनेरी कार्डं होती. त्यातलं एक मला म्हणालं, "आमच्या मालकाच्या खात्यात पैसे नसले, तरी आम्ही देतो. तुझं काय?"

मी म्हटलं, "मी असतील तेवढेच देते."

"आणि नसले तर?"

"तर नाही म्हणते."

सगळी रांग खदखदून हसली. मी ओशाळले. 'नाही' म्हणता येणं ही काही मिरवायची गोष्ट असते, हे तेव्हा मला कुठं माहीत होतं!

मग मला एका पांढऱ्या पाकिटात घातलं. चोरांना कळू नये म्हणून पाकिटावर बँकेचं नावसुद्धा नव्हतं. खूप अंधार, खूप हादरे, आणि एका सकाळी मासळीचा आणि समुद्राचा वास आला. ते ग्रिम्सबी गाव होतं. दारातल्या फटीतून पोस्टमननं मला आत ढकललं आणि मी पायपुसण्यावर पडले. पावलं आली. कुणीतरी मला उचललं. मला वाटलं, आता उजेड दिसणार!

पण त्या हातानं मला उघडलं नाही. पाकीट पाहताच बोटं अशी आखडली, जणू चटका बसलाय. मला दारामागच्या खुंटीवर, कोटांच्या खाली लोंबणाऱ्या एका पिशवीत कोंबलं गेलं. त्या पिशवीत माझ्यासारखीच कितीतरी पाकिटं होती. एकही उघडलेलं नव्हतं.

"नवीन का?" तळातलं एक पिवळं पडलेलं पाकीट म्हणालं. "आरामात बैस. ती उघडत नाही. आम्ही इथं दोन हिवाळे काढलेत."

मित्रांनो, हा हात गेनरचाच होता; माझ्यावरच्या नावातली 'जी.' म्हणजे तीच. ती मुद्दाम असं करत नव्हती. पुढं तिनं आपल्या लेकीला, कीलीला, हे इतक्यांदा सांगितलं की मला ते पाठच झालंय. कीली तान्ही असताना गेनरचं काम सुटलं. दिवाणखान्यातला सोफा हप्त्यावर घेतलेला, फोन हप्त्यावर. हप्ते थकले. तेव्हाचं तिचं खातं नसलेले पैसेही द्यायचं, आणि दिल्याबद्दल दंड लावायचं, आणि दंड भरला नाही म्हणून पुन्हा दंड. शेवटी बँकेनं खातंच बंद केलं. बाजारातली तिची पत गेली. त्यानंतर दारात पडणाऱ्या प्रत्येक पाकिटाला ती घाबरायची. पाकीट उघडलं नाही, तर आतलं काही खरं होत नाही, असं मनाशी धरून ती ते पिशवीत टाकायची. त्या गल्लीत अशी पिशवी जवळपास प्रत्येक दारामागं होती.

तोवर गेनर लोकांच्या घरची साफसफाई करायची आणि मिळेल ती रोकड घ्यायची. मग कीलीच्या शाळेच्या स्वयंपाकघरात एक जागा निघाली. मुलांना दुपारचं जेवण वाढायचं, भांडी घासायची. शाळेच्याच वेळात काम, सुट्टीत लेकीजवळ घरी. गेनरला ती जागा मिळालीसुद्धा. तिथल्या प्रमुख मिसेस पार्जेटर म्हणाल्या, "पगार थेट बँकेत जातो. खातं तुमच्याच नावाचं हवं, भावाबहिणीचं चालणार नाही. आणखी दोन आठवड्यांनी, शुक्रवारी दुपारपर्यंत, खात्याचा नंबर आणून द्या. नाही आला, तर मला पुढच्या बाईला बोलवावं लागेल. वाईट वाटून घेऊ नका."

पण पहिल्याच बँकेनं तिला नकार दिला. गेनर घरी येऊन आईपुढं रडली. तिची आई बेरिल समोरच्याच घरात राहायची.

"काय मागितलंस तू?" बेरिलनं विचारलं.

"खातं मागितलं. आणखी काय मागणार?"

"नुसतं खातं नाही गं मागायचं! वाचनालयात भिंतीवर कागद लावलाय. पत गेलेल्यांसाठी वेगळं साधं खातं असतं. उसने पैसे मिळत नाहीत, चेकबुक नाही, पण पगार जमा होतो. त्याचं नाव घेऊन मागायचं. नाव घेतल्याशिवाय ते आपणहून देत नाहीत."

गेनर दुसऱ्या बँकेत गेली आणि साध्या खात्याचं नाव घेतलं. खिडकीतली बाई म्हणाली, "ते हवंय होय? मग आधीच नाही का सांगायचं!"

"पण आमचं घर काळ्या यादीत आहे," गेनर हळूच म्हणाली. तिथं आधी राहणारा ऑलरॉइड नावाचा माणूस देणी बुडवून पळालेला. त्यामुळं घराच्या नंबरालाच डाग लागलाय, तिथं राहील त्याला कुणी उभं करणार नाही, असं सगळी गल्ली मानायची.

बाई हसली. "घराला कुठली पत, बाळा? भिंती कधी हप्त्यानं सोफा घेतात का? ओळखीचा कागद दाखव, पत्त्याचा कागद दाखव. बस."

असा माझा जन्म ठरला. आणि ज्या कार्डाची गेनर दिवसरात्र वाट बघत होती, ते तिनं स्वतःच्या हातानं पिशवीत टाकलं!

पिशवीतून मला सगळं ऐकू यायचं. बेरिल रोज दारातून हाक मारायची, "आलं का गं काही?"

"कुठलं काय. तीच ती पाकिटं."

मी आतून ओरडत होते, पण प्लॅस्टिकचा आवाज कुणाला ऐकू येणार?

मुदतीच्या आदल्या दिवशीचा गुरुवार उजाडला. गेनरनं बँकेला फोन लावला. गावातली शाखा आता आठवड्यात दोनच दिवस उघडी असते, ती सोमवारपर्यंत बंद होती. फोनवरचा आवाज म्हणाला, "नंबराचं पत्र आणि कार्ड एकाच पाकिटात मागच्या आठवड्यातच पाठवलंय. पोचलेलं असणार."

गेनर फोन ठेवून दारामागं बघत राहिली. मग तिनं आईला बोलावलं.

"आई, ते त्या पिशवीत आहे."

"मग काढ की."

"बाहेरून सगळी सारखीच दिसतात. सगळी उघडावी लागतील."

"मग उघडू."

"मला नाही जमणार."

बेरिलनं कोट काढला, किटली चढवली आणि पिशवी स्वयंपाकघरातल्या टेबलावर उपडी केली. आम्ही धबाधबा पडलो. गेनरनं आधी पाकिटं कापायला धावलेल्या कीलीच्या हातातली कात्री काढून घेतली, गरम चहाचा मग टेबलाच्या कडेपासून आत सरकवला, मग खुर्चीच्या टोकावर बसली. कीली डोळे मोठ्ठे करून म्हणाली, "आई, इतके वाढदिवस कुणाचे?"

बेरिलला इतकं हसू आलं की चहा नाकात गेला. "तुझ्या आईचे गं! ती फार लाडकी आहे लोकांची!"

गेनरही हसली. मित्रांनो, त्या हसण्यानंच तिचा हात पुढं आला.

पहिलं पाकीट उचलून बेरिल म्हणाली, "थांब. हे तर ऑलरॉइडचं आहे. नाव तर वाचशील की नाही?"

दुसरंही ऑलरॉइडचं. चौथं, पाचवं, सहावं त्याचंच. गेनर एकेक हातात घेऊन नाव वाचू लागली. तिचा चेहरा मला पाकिटाच्या पातळ कागदातून अंधुक दिसत होता. दोन हिवाळे ती ज्याला घाबरत आली होती, त्यातलं निम्मं तिचं नव्हतंच!

"मेला पळाला आणि भीती मात्र तुला देऊन गेला," बेरिल म्हणाली.

मग तिची पाकिटं आली. ती उघडताना कुणी हसलं नाही. एक उघडलं की गेनर वाचायची, कागद आईकडं द्यायची, आई घडी घालून बाजूला ठेवायची. आकाश कोसळलं नाही. दारावर कुणी थाप मारली नाही. बरेचसे कागद एकाच देण्याबद्दल होते, तेच ते पुन्हा. दोन वर्षांत तिच्या मनात जे डोंगराएवढं झालं होतं, ते टेबलावर पावाच्या लादीएवढं भरलं. कमी नव्हतं. पण डोळ्यांनी दिसणारं होतं.

आणि मग तिनं मला उघडलं.

उजेड! खिडकीतून येणारा करडा, समुद्राकडचा उजेड. मी तिचा चेहरा पहिल्यांदा नीट पाहिला. तिनं अंगठा माझ्या अक्षरांवरून फिरवला. पुन्हा फिरवला. कीली टेबलावर वाकून अक्षरं लावू लागली आणि एकदम किंचाळली, "आई, हे तुझं नाव आहे! त्यांना तू माहीत आहेस!"

"हो," गेनर म्हणाली. "त्यांना मी माहीत आहे." आणि तिनं मला दोन्ही हातांनी धरलं, लोक नवजात बाळाला धरतात तसं. मी हलक्या प्लॅस्टिकचा एक तुकडा. पण त्या हातांत मला माझं वजन पहिल्यांदा जाणवलं.

शुक्रवारी सकाळी ती नंबर घेऊन शाळेच्या स्वयंपाकघरात गेली. ओठांवर काय काय खुलासे तयार. मिसेस पार्जेटरनी नंबर उतरवून घेतला आणि म्हणाल्या, "छान. ॲप्रन तिकडं आहेत. आणि वाटाणे जरा ढवळा, खाली लागतील."

एवढंच. गेनर वाटाणे ढवळू लागली आणि वाफेत तिनं डोळे पुसून घेतले.

मित्रांनो, त्यानंतरची वर्षं मी तिच्या कोटाच्या आतल्या खिशात काढली. पहिला पगार आला, तेव्हा ती, कीली आणि बेरिल तिघी मशीनपुढं देवळात उभ्या राहावं तशा उभ्या होत्या. माझा गुप्त आकडा दाबताना गेनरनं कीलीलाही डोळे मिटायला लावले. पडद्यावर रक्कम उमटली. बेरिल कुजबुजली, "हे सगळं तुझं?" नोटा सरसरत बाहेर आल्या, तेव्हा मलाही शहारा आला. वाटाणे ढवळणारा हात इथं, पगार पाठवणारा हात कुठं दूर, आणि मध्ये मी!

पण एका गोष्टीसारखं नवल मला दुसऱ्या कशाचंच वाटलं नाही. घरभाडं खात्यातून नुकतंच गेलं होतं, ते गेनरच्या ध्यानात राहिलं नाही. दुकानात रांग होती. पाव, दूध, डबाबंद बीन्स, आणि कीलीसाठी आईसक्रीमचा डबा. गेनरनं मला पुढं केलं, आणि मी नाही म्हटलं.

मशीन वाजलं. गेनर कानापर्यंत लाल झाली. मागच्या म्हाताऱ्यानं घसा खाकरला. गल्ल्यावरची बाई हळू आवाजात म्हणाली, "काय काढू, बाळा?"

"आईसक्रीम."

डबा बाजूला गेला. पुन्हा मला पुढं केलं. या वेळी मी हो म्हटलं.

"बरंच झालं," बाहेर आल्यावर कीली म्हणाली, "नाहीतर घरी जाईपर्यंत वितळलं असतं आणि तू मला बोलली असतीस."

गेनर हसली नाही. ती घाबरली होती. जुनं खातं असतं तर आईसक्रीमही मिळालं असतं, आणि मागोमाग दंडाचं पाकीट आलं असतं. दुसऱ्या दिवशी ती पोस्टमनची वाट बघत दारात उभी राहिली. पाकीट आलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. शेवटी तिनं मला खिशातून काढलं आणि म्हणाली, "नुसतं नाही म्हणालीस. बस, तेवढंच? मागं काही लावलं नाहीस?"

त्या दिवशी मला ती सोनेरी रांग आठवली नाही, असं कसं म्हणू? पण मला त्यांचा राग आला नाही. मी माझ्या मालकिणीच्या तोंडाकडं बघत होते. तिथली भीती विरघळून जाताना मी पाहिली.

टेबलावरचे कागदही हळूहळू कमी झाले. गावातल्या फुकट सल्ला देणाऱ्या केंद्रात जाऊन तिनं थोडी थोडी फेड ठरवून घेतली, आणि दर महिन्याला ती रक्कम माझ्याच खात्यातून जात राहिली. ऑलरॉइडची पाकिटं बेरिलनं 'इथं राहत नाही' असं ठणठणीत अक्षरांत लिहून परत धाडली.

आता माझी मुदत संपलीय. नवीन कार्ड आलंय. जुनं कार्ड कापून टाकायचं असतं, मधोमध, चिपेवरून, म्हणजे कुणी त्याचा गैरवापर करू शकत नाही. तेच बरोबर आहे, आणि मला त्याचं दुःख नाही. माझा गुप्त आकडा गेनरनं कधी कुठं लिहिला नाही, मला कधी कुणाच्या हाती दिलं नाही. कार्डाला याहून जास्त कसं जपायचं असतं?

पण एक मागणं आहे, मित्रांनो. तुमच्या घरी कुणी मोठं माणूस पाकिटं न उघडता ठेवून देत असेल, तर त्याला आळशी म्हणू नका. त्याला भीती वाटत असेल. मोठ्या माणसांनाही वाटते, तुमच्यासारखीच, अंधारातल्या कपाटाची वाटते तशी. त्याच्याजवळ खुर्ची ओढून बसा. काही बोलला नाहीत तरी चालेल. पहिलं पाकीट तुम्ही हातात घ्या आणि वरचं नाव मोठ्यानं वाचा.

कीली आता उंच झालीय. तिनं कात्री आणलीय. या वेळी गेनरनं ती तिच्या हातातून काढून घेतली नाही.

"नीट धर," गेनर म्हणतेय, "आणि बोटं सांभाळ."