छातीवर उलटं लटकणारं घड्याळ

साहेब, तुम्ही माझ्या कडीला ‘बेवारस’ अशी चिठ्ठी बांधली आहे. ती खोटी आहे. खोटी आहे हे तुम्हाला ठाऊक आहे, आणि तरी ती अजून बांधलेलीच आहे.

मित्रांनो, मी एक जुनं घड्याळ आहे. वसमतच्या कचेरीत साहेबांच्या टेबलाच्या खालच्या खणात पडून आहे. शेजारी एक पानाचा डबा, दोन कुलपं आणि कुणाचा तरी चष्मा.

समुद्रापलीकडच्या एका गावात, डोळ्याला भिंग लावलेल्या म्हाताऱ्याने मला जुळवलं. मग एका परदेशी नर्सबाईच्या झग्यावर बसून मी इथल्या दवाखान्यात आलो. १९३४ साली ती मायदेशी निघाली. निघताना तिने मला काढलं आणि तिच्या हाताखाली शिकलेल्या सुईणीच्या, फातिमाबीच्या, छातीवर टाचलं.

माझं रूप जरा विचित्र. पट्टा नाही, साखळी नाही. वर एक पिन आणि पिनेखाली मी लोंबतो. माझे सहा वर, बारा खाली. समोरच्याला मी उलटा दिसतो. हिंगोलीचा घड्याळजी पुनमचंद मला तेल घालता घालता म्हणाला, “बी, कोण्या येड्यानं तबकडी उलटी बसवली ही? फिरवून देऊ का?”

“न्हाई शेटजी,” फातिमाबी म्हणाली. “माझा एक हात बाळंतिणीच्या पोटावर, दुसरा नाडीवर. मान खाली घातली की मला सुलटंच दिसतंय. लोकाला दिसून काय करायचंय?”

रोज पहाटेची नमाज झाली की ती मला चावी द्यायची. वीस वेढे. एकविसावा तिने कधी दिला नाही. सेनगावच्या वाटेला बैलगाडीत हाडं खिळखिळी व्हायची, पण तिचा तळवा माझ्यावर झाकलेला असायचा. माझा लांब सेकंदकाटा एक फेरी पुरी करी तोवर नाडीचे ठोके मोजत तिचे ओठ हलत राहायचे. लेकरू रडलं की ती आधी आईकडे बघायची, मग माझ्याकडे, आणि वेळ सांगायची. त्या वेळेवर कुठे पत्रिका मांडली जायची, कुठे बाळाच्या कानात अजान व्हायची. लोक म्हणायचे, फातिमाबीचं घड्याळ आलं, आता भ्यायचं कारण न्हाई. खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडायचं.

१९४६ साली ती गेली. आदल्या आठवड्यात तिने मला लेकीच्या, तिच्याच हाताखाली सुईण झालेल्या जाहेदाच्या, हातात दिलं आणि तिच्याकडून वीस वेढे मोजून घेतले.

मग १९४८ चा भादवा आला. निजामाच्या राज्यात फौज शिरली आणि सगळीकडे पळापळ झाली. जाहेदा लेकरं घेऊन चार दिवस मामाकडे गेली, घाईत मी घरातच राहिलो, आणि मागे घराचं कुलूप फुटलं. कोणी फोडलं ते मी पाहिलं. त्यातले दोन हात माझ्याच काट्यावर जन्मले होते. पुढे लुटीचा माल जप्त झाला आणि मी कचेरीत आलो.

कार्तिकात जाहेदा मला शोधत आली. सोबत शेजारच्या पार्वतीबाई होत्या. त्यांची चारही लेकरं माझ्यासमोर झालेली.

“खूण सांगा,” कारकून म्हणाला.

“पिन वर, बारा खाली.”

वेळ बघायला धरतात तसं त्याने मला धरलं. “इथं तर बारा वर हायेत अन् पिन खाली. जुळत न्हाई बाई. दुसऱ्या कोणाचं असंल.”

“अरे बाबा,” पार्वतीबाई म्हणाल्या, “पोत्याचं तोंड खाली करून इचारून राहिला, दाणे काहून सांडले. छातीला लावून पाह्य की.”

त्याने मला सदऱ्यावर टाचलं आणि मान खाली घातली. मी बंद होतो, पण सुलटा होतो. जाहेदाने मला मागून घेतलं, वीस वेढे दिले आणि पार्वतीबाईंचं मनगट धरलं.

“अठ्ठ्याण्णव. मावशी, उन्हातून आलात. बसा जरा.”

“तुमचंच हाय,” कारकून म्हणाला आणि मला साहेबांपुढे घेऊन गेला.

साहेबांनी मान वर केली नाही. “आईचं म्हणता, तर वारसाचा कागद आणा.”

“घर फुटलं साहेब. कागद कुठून आणू?”

“मग चौकशी होईल.”

त्या वीस वेढ्यांवर मी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चाललो. मग थांबलो. आता मार्गशीर्ष सरत आला.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणाचं जुनं घड्याळ असेल तर त्याला रोज चावी द्या. ते कुणाचं होतं, कसं धरायचं, हे लेकरांना सांगून ठेवा. माझ्या जाहेदाला ते माहीत होतं. तिचं काही चुकलं नाही.

आज सकाळी कारकून दबकत आत आला. “साहेब, पार्वतीबाईंची सून अडली. जाहेदा तिथंच हाय. घड्याळ तेवढं देऊन येऊ का?”

“चौकशी चालू आहे,” साहेब म्हणाले.

तिकडे जाहेदाची बोटं त्या पोरीच्या मनगटावर असतील. सवयीने ती मान खाली घालत असेल, आणि तिला ओढणीवर पिनेची दोन भोकं दिसत असतील.

साहेब, तुमच्या भिंतीवर हातभर मोठं घड्याळ चालू आहे. त्याच्याकडे बघा आणि मला सांगा, ती नाडी तिने कशावर मोजायची?