जोत्यापासून

"चंदरभाई, टेकली का टेप?" किंजल मॅडमनी गच्चीवरून विचारलं.

टेपचं शून्य अजून चंदरच्या हातात होतं. समोर रस्ता आणि रस्त्यापासून तीन फूट उंच घराचं जोतं. मॅडम वाकून बघणाऱ्यांतल्या नव्हत्या. टेप धरण्याच्या एकतीस वर्षांत कुठल्याच इंजिनिअरनं चंदरच्या शून्यावर शंका घेतली नव्हती.

दारात जिजा उभी होती, त्याची सख्खी धाकटी बहीण. मॅडम नगरपालिकेच्या ऑफिसात नवीन, त्यांना हे ठाऊक नव्हतं आणि चंदरनंही सांगितलं नव्हतं. खाडीचं पाणी उधाणाला घरात शिरायचं, म्हणून जिजानं भराव घालून जोतं उचललं, घर नव्यानं बांधलं आणि वर एक खोली चढवली. लकवा झाल्यापासून तिचा नवरा नविन त्याच खोलीत पडून होता.

घर किती उंच चालेल, असं बांधकामाआधी तिनं भावाला विचारलं होतं. चंदर जेवायला बसला होता. "साडेसहा मीटर, जोत्यापासून," तो घास चघळत म्हणाला होता. जिजानं गवंड्याकडून तेवढंच करून घेतलं, बोटभरही जास्त नाही.

आळीतल्या इतर घरांची जोती वीतभर उंच. चंदर तिथं सवयीनं जोत्यालाच शून्य टेकवायचा आणि साहेब लोक ती वीत सोडून द्यायचे. नियम रस्त्यापासूनचा आहे हे त्याला आज सकाळी, जीपमध्ये, मॅडमच्या तोंडून कळलं.

त्याचा पाय सवयीनं जोत्याकडे वळला. त्यानं जिजाकडे पाहिलं. ती वलांडीवर वाळत टांगलेल्या बोंबलांकडे बघत होती. चंदर वाकला आणि शून्य रस्त्यावर दाबून धरलं. लाज, दुःख, काहीतरी वाटायला हवं होतं. काहीच वाटलं नाही.

"टेकली," तो म्हणाला.

"सात चाळीस," वरून आवाज आला.

मॅडम खाली आल्या. "बाई, नकाशा साडेसहाचा आहे. नव्वद सेंटिमीटर जास्त आहे. वरची खोली उतरवावी लागेल."

"आम्ही जोत्यापासून मोजली, मॅडम."

"जोत्यापासून कोण मोजतं? कोणी सांगितलं तुम्हाला?"

चंदर टेप गुंडाळायचा थांबला. त्याच्या निवृत्तीला चार महिने उरले होते.

"कोनी नाय," जिजा म्हणाली. "मीच समजली तसं." मग चंदरकडे वळून तिनं परक्या माणसाला विचारावं तसं विचारलं, "भाऊ, पानी देऊ?"

त्याला नको होतं. तरी तो तांब्याभर प्यायला.

मॅडम फोटो काढून जीपकडे गेल्या. जाताना म्हणाल्या, "साडेसहावर खूण करून या."

चंदर बाहेरच्या जिन्यानं वर चढला. मोजून लाल खडूनं भिंतीवर रेघ ओढायला लागला. रेघ खिडकीपाशी येऊन अडली. आत खाटेवर नविन होता. त्याची मान आवाजाच्या दिशेनं हळूहळू वळली.

"दादा, तू काय? रंगाचं माप घेते?"

"हां."

"निळा सांग तिला. माझ्या होडीला होता तो."

"सांगतो," चंदर म्हणाला आणि खिडकीच्या पलीकडून उरलेली रेघ पुरी केली.